नाव बदललं, खातं तेच राहिलं

जुलै २०२५मधला दुसरा जुम्मा. नमाज संपवून आम्ही चार-पाच जण माजलगावातल्या नेहमीच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. टेबलावर पेपर पडलेला. आदल्या दिवशी विधानसभेने ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ मंजूर केल्याची बातमी पहिल्या पानावर होती. ‘कडव्या डाव्या विचारसरणी’च्या संघटनांना बेकायदा ठरवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळणार होता. आमच्यातल्या एका तरुणाने बातमी वाचली, पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “वो लाल झंडेवालों का मामला है, अपने को क्या करना?”

समोरच्या बाकावर आमचे एक ओळखीचे काका बसले होते. एके काळी ऊसतोड कामगारांच्या मोर्चात लाल झेंडा घेऊन चाललेले. ते हसले. “आमच्यासाठी नवा कायदा करावा लागतोय, म्हणजे आम्ही अजून जिवंत आहोत म्हणायचं!” त्यावर त्या तरुणाने त्यांनाच टोकलं, “काका, तुमच्या रशियात काय होतं? तिथं तर तोंड उघडलं की उचलून न्यायचे.” काकांचा चेहरा बदलला. “ते सगळं अमेरिकेने पसरवलेलं आहे,” एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला.

घरी आलो, पण ती दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. ‘अपने को क्या करना’ आणि ‘ते सगळं अमेरिकेने पसरवलेलं’. दोघंही सज्जन माणसं. मला मात्र दोघांचंही चुकतंय असं वाटलं. काय चुकतंय, हे सांगायचं तर काकांच्याच रशियाची गोष्ट सांगावी लागेल. ती गोष्ट आपण मुसलमानांनी तर जास्तच लक्ष देऊन ऐकली पाहिजे. कारण त्या राज्याच्या गुप्त पोलिसांनी आपल्याच पक्षाच्या ज्या पहिल्या मोठ्या माणसाला धरलं, तो मुसलमान होता.

काही डझन माणसांचा आयोग

रशियात झारच्या काळातही गुप्त पोलीस होते. १८८१मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, त्यानंतर ओखराना नावाचं खातं उभं राहिलं. क्रांतिकारकांच्या मंडळांत खबरे घुसवायचे, पत्रं फोडायची, लोकांना सैबेरियात धाडायचं, हे त्याचं काम. स्टालिनलाही याच राजवटीने अनेकदा हद्दपार केलं आणि तो अनेकदा पळून आला. १९१७मध्ये झार गेला, ओखराना बरखास्त झाली. आता गुप्त पोलीस हा प्रकारच संपला, असं लोकांना वाटलं.

ऑक्टोबर क्रांतीनंतर दोन महिनेही झाले नव्हते. २० डिसेंबर १९१७ला लेनिनच्या सरकारने एक ‘असाधारण आयोग’ नेमला. रशियन नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला चेका म्हणू लागले. प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की, स्वतः झारच्या तुरुंगात अनेक वर्षं काढलेला माणूस. सुरुवातीला आयोगाकडे काही डझन माणसं होती. काम फक्त तपासाचं. गुन्हेगार सापडला की त्याला न्यायाधिकरणाकडे सोपवायचं. शिवाय नावातच ‘असाधारण’ होतं, म्हणजे वेळ निघून गेली की आयोगही जाणार.

दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९१८मध्ये, जर्मन फौजा चाल करून आल्या. ‘समाजवादी पितृभूमी धोक्यात’ अशा मथळ्याचं फर्मान निघालं आणि हेर, सट्टेबाज, प्रतिक्रांतिकारक यांना जागेवर गोळी घालण्याची मुभा मिळाली. ऑगस्टच्या शेवटी लेनिनवर गोळीबार झाला. सप्टेंबरमध्ये ‘लाल दहशत’ अधिकृत धोरण म्हणून जाहीर झाली. तपास करणाराच न्यायाधीश झाला आणि फाशी देणाराही तोच.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. धोका खोटा नव्हता. यादवी युद्ध पेटलं होतं, परक्या फौजा देशात होत्या, लेनिनला लागलेली गोळीही खरी होती. कुठलंही गुप्त खातं हवेत उभं राहत नाही. खऱ्या भीतीच्या जोरावरच ते उभं राहतं. प्रश्न पुढे येतो. भीती ओसरल्यावर दिलेला अधिकार परत कोण घेणार?

फेब्रुवारी १९२२मध्ये युद्ध संपलं होतं. चेका बरखास्त झाल्याची घोषणा झाली. तिच्या जागी जीपीयू आलं आणि सगळं कायद्याच्या चौकटीत चालेल असं आश्वासन मिळालं. माणसं तीच, इमारत तीच, मॉस्कोतल्या लुब्यांका चौकातली. न्यायालयाबाहेर शिक्षा देण्याचा अधिकारही काही महिन्यांतच परत आला. १९२३मध्ये नाव ओजीपीयू झालं. १९३४मध्ये ते एनकेव्हीडीत विलीन झालं. युद्धानंतर एमजीबी. १९५४मध्ये केजीबी. १९९१मध्ये केजीबी मोडली आणि १९९५पासून आहे ती एफएसबी. प्रत्येक नामांतराच्या वेळी आधीच्या अतिरेकाची कबुली आणि सुधारणेचं वचन दिलं गेलं. प्रत्येक वेळी जुन्या फायली मात्र नव्या टेबलावर तशाच गेल्या.

पहिला कोण होता?

मीर सईद सुलतान गालियेव्ह हे नाव आपल्याकडे फार कुणी ऐकलेलं नाही. जन्म १८९२चा, तातार मुसलमान, शिक्षकाचा मुलगा. क्रांतीत तो मनापासून उतरला. बोल्शेविकांमध्ये मुसलमानांचा सर्वांत वरचा नेता झाला आणि राष्ट्रीयत्वांच्या खात्यात स्टालिनच्या हाताखाली काम केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मुसलमान समाज हा सगळाच गुलाम केला गेलेला समाज आहे. त्याची क्रांती त्याच्या पद्धतीने होऊ द्या. मशिदीवर हल्ले करून हा समाज तुमच्याकडे येणार नाही. आणि रशियन मालक जाऊन रशियन कामगार मालक झाला, तर आमच्यासाठी काय बदललं?

१९२३च्या मे महिन्यात जीपीयूने त्याला अटक केली. त्याची गुप्त पत्रं वाचली गेली होती. परदेशातल्या मुस्लिम राष्ट्रवाद्यांशी संधान बांधल्याचा आरोप होता. पक्षाच्या इतक्या वरच्या माणसाला पक्षाच्याच गुप्त पोलिसांनी धरण्याची ही पहिली वेळ मानली जाते. पक्षाचे बाकीचे मोठे नेते, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, त्रॉत्स्की, यांच्यापैकी कुणी आडवं आलं नाही. एका तातारचा मामला होता. आपल्याला काय करायचंय?

त्या वेळी गालियेव्ह सुटला, पण पक्षातून काढला गेला. १९२८मध्ये पुन्हा अटक, मग श्रमछावणी, १९३७मध्ये तिसरी अटक. २८ जानेवारी १९४०ला त्याला गोळी घातली गेली.

त्रॉत्स्कीने नंतर लिहून ठेवलं आहे, की कामेनेव्हने त्याच्याजवळ या पहिल्या अटकेबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला होता. त्या दिवशी आपण स्टालिनला रक्ताची पहिली चव लावली, असा त्याचा सूर होता. तोवर उशीर झाला होता. कामेनेव्ह आणि झिनोव्हिएव्ह या दोघांनाही ऑगस्ट १९३६मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्रॉत्स्कीला १९४०मध्ये मेक्सिकोत याच खात्याच्या माणसाने डोक्यात बर्फ फोडायची कुऱ्हाड घालून मारलं.

हॉटेलातल्या आमच्या तरुण मित्राच्या वाक्याला माझं पहिलं उत्तर हेच. माजलगावात आज तो जे म्हणाला, तेच १९२३मध्ये मॉस्कोत म्हटलं गेलं होतं. फक्त बाजू उलट्या होत्या. तिथं मामला मुसलमानाचा होता आणि गप्प बसणारे लाल झेंडेवाले होते.

कोटा ठरवून माणसं मारणं

पुढचा काळ आकड्यांतच सांगतो. ३० जुलै १९३७चा एनकेव्हीडीचा आदेश क्रमांक ००४४७. त्यात प्रत्येक प्रांताला कोटा ठरवून दिला होता. पहिल्या वर्गातले इतके, म्हणजे गोळी. दुसऱ्या वर्गातले इतके, म्हणजे ८ ते १० वर्षं छावणी. निकाल तीन माणसांची समिती देणार. वकील नाही, अपील नाही, आरोपीची हजेरीही गरजेची नाही. स्थानिक अधिकारी वरिष्ठांकडे कोटा वाढवून मागायचे, जणू साखर कारखान्याचं गाळपाचं उद्दिष्ट असावं. सोव्हिएत दप्तरातूनच बाहेर आलेला आकडा असा, की १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. काका, हा आकडा अमेरिकेने पसरवलेला नाही. त्यांच्याच फायलींतला आहे.

यात मध्य आशियातल्या मुसलमान लेखकांची एक पिढीच गेली. उझबेक कादंबरीचा जनक मानला जाणारा अब्दुल्ला कादिरी, विचारवंत अब्दुरऊफ फितरत आणि कवी चोलपान या तिघांना ऑक्टोबर १९३८च्या पहिल्या आठवड्यात ताश्कंदमध्ये मारण्यात आलं. हे लोक क्रांतीचे शत्रू नव्हते. तिघंही सुधारणावादी. मुसलमान समाजात नवं शिक्षण यावं, स्त्रिया शिकाव्यात म्हणून आयुष्यभर झटलेले.

मग १९४४. २३ फेब्रुवारीला चेचेन आणि इंगुश, १८ मेला क्रिमियाचे तातार. जर्मनांना मदत केल्याचा ठपका अख्ख्या समाजावर ठेवला गेला. बेरियाच्या एनकेव्हीडीने म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळ्यांना मालगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन सोडलं. तातारांची मुलं त्या वेळी लाल सैन्यात जर्मनांशी लढत होती. ती आघाडीवरून परतली तेव्हा गावात त्यांचं घर नव्हतं.

आणि हे करणाऱ्यांचं काय झालं? यागोदा एनकेव्हीडीचा प्रमुख होता, त्याला १९३८मध्ये गोळी घातली. त्याच्या जागी आलेल्या येझोव्हला १९४०मध्ये. त्याच्या जागी आलेल्या बेरियाला १९५३मध्ये. एमजीबीचा प्रमुख अबाकुमोव्ह याला १९५४मध्ये. यंत्राने चालवणाऱ्यालाही सोडलं नाही.

हैदराबादचा माणूस, मुंबईची बहीण

कुणी म्हणेल, ताश्कंद आणि क्रिमिया कुठं आणि आपण कुठं! तर आता आपल्याकडची गोष्ट.

आपला मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत १८८०मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचा जन्म झाला. वडील अघोरनाथ निजाम कॉलेजचे प्राचार्य. बहीण सरोजिनी नायडू. वीरेंद्रनाथ, म्हणजे सगळ्यांचे ‘चट्टो’, पहिल्या महायुद्धात बर्लिनमधून ब्रिटिशांविरुद्ध कट करत होते. ब्रिटिश हेर युरोपभर त्यांच्या मागावर होते. १९२१मध्ये ते सहकाऱ्यांसह मॉस्कोला गेले. त्या गटात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले आणि तिथं शेतीतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. चट्टो मात्र अखेर सोव्हिएत देशातच राहिले. लेनिनग्राडमध्ये विज्ञान अकादमीच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करू लागले.

१९३७च्या जुलैमध्ये एनकेव्हीडीने त्यांना उचललं. २ सप्टेंबर १९३७ला गोळी घातली. ब्रिटिशांचे हेर ज्या माणसाला पंचवीस-तीस वर्षांत गाठू शकले नाहीत, त्याला त्याच्या स्वप्नातल्या राज्याने दीड महिन्यात संपवलं. अबनी मुखर्जी, ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेच्या वेळी हजर असलेले, त्याच वर्षी मारले गेले. बंगालचे गुलाम अंबिया खान लुहानी १९३८मध्ये.

चट्टोंची धाकटी बहीण सुहासिनी मुंबईत कम्युनिस्ट पक्षात काम करत होत्या. जांभेकरांच्या घरात लग्न होऊन त्या सुहासिनी जांभेकर झाल्या. भाऊ ज्या झेंड्याच्या राज्यात मारला गेला, तोच झेंडा बहिणीने इकडे खांद्यावर घेतला होता. त्या घराच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार करून पाहा.

आता याच काळात ब्रिटिशांचे गुप्त पोलीस काय करत होते, तेही पाहू. आपल्याकडचं गुप्तवार्ता खातं ठगांच्या बंदोबस्तासाठी काढलेल्या ‘ठगी आणि दरोडा’ खात्यातून वाढलं. १९०४मध्ये त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं आणि १९२०मध्ये त्याचं इंटेलिजन्स ब्युरो झालं. म्हणजे इथंही तीच नामांतराची चाल. ठग गेले, मग क्रांतिकारक आले, मग खिलाफतवाले, मग कम्युनिस्ट. मराठवाड्यात साध्या कपड्यातल्या कुठल्याही पोलिसाला अजूनही ‘सीआयडी’ म्हणतात, ते त्याच काळातून आलेलं.

२० मार्च १९२९ला देशभरात छापे पडले आणि मीरत कटाचा खटला उभा राहिला. ३०हून अधिक आरोपी. त्यात आपले डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, डॉ. गंगाधर अधिकारी. त्यांच्या शेजारी मुझफ्फर अहमद आणि शौकत उस्मानी. खटला जवळपास चार वर्षं चालला. तुरुंगात वर्षं गेली, अन्यायच झाला. पण आरोपींनी उघड न्यायालयात आपल्या विचारांवर लांबलचक निवेदनं दिली, ती छापली गेली, जगभर गाजली. मुझफ्फर अहमदांना जन्मठेप आणि डांग्यांना १२ वर्षं झाली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९३३मध्ये या शिक्षा ३ वर्षांवर आणल्या आणि कित्येकांना सोडलं.

ब्रिटिश दयाळू होते, असं मला म्हणायचं नाही. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना १९३१मध्ये फाशी देणारं हेच राज्य. त्या खटल्यात घाईघाईने खास न्यायाधिकरण नेमून अपिलाचा नेहमीचा रस्ता बंद केला होता. तेच महत्त्वाचं आहे. जिथं न्यायालयाची वाट उघडी राहिली, तिथं माणसं वाचली. जिथं ती बुजवली, तिथं मेली. कम्युनिस्ट माणूस शत्रूच्या तुरुंगात वाचला आणि स्वतःच्या राज्यात मेला, यामागचं कारण मला तरी एवढंच दिसतं. एका ठिकाणी हेराच्या वर कुणीतरी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

आमच्या गल्लीतून

आता स्वतःविषयी. मुसलमान म्हणून मला या विषयावर लिहिताना अंग चोरून लिहायची सवय आहे. ती आज बाजूला ठेवतो.

बीड जिल्ह्याचं लाल झेंड्याशी जुनं नातं आहे. १९६७मध्ये या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं. १९७७मध्ये माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. शाहीर अमर शेखांचा आवाज याच झेंड्याखाली महाराष्ट्रभर घुमला. म्हणून ‘लाल झंडेवाले’ हे आपल्याला परके नाहीत.

आणि गुप्तवार्ता तरी कुठं परकी आहे? इज्तेमा असो, जुलूस असो, मोर्चा असो, ‘गोपनीय’चा माणूस येतो. बहुतेकदा तो ओळखीचाच असतो. “काय विषय होता आज?” असं विचारतो, आपणही सांगतो. तो लिहून घेतो, चहा पितो आणि जातो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट ३० मार्च २०२५ला, ऐन ईदच्या तोंडावर, शेजारच्या गेवराई तालुक्यात अर्धामसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला, तेव्हा आम्हीच विचारत होतो, की याची खबर आधी का लागली नाही? गडचिरोलीत आदिवासी आणि पोलीस दोघांनीही माओवाद्यांच्या हिंसेत जीव गमावले आहेत. राज्याला कान-डोळे लागतात, हे मान्य.

पण खबर आणि पुरावा यांतला फरक पुसला गेला की काय होतं, तेही आम्हीच भोगलं आहे. मालेगावच्या २००६च्या स्फोटात ९ मुसलमान तरुण पकडले गेले. १० वर्षांनी, २०१६मध्ये, न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केलं, तोवर एक जण वारला होता. मुंबईच्या ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांत १८९ माणसं गेली. त्या खटल्यातल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ला निर्दोष ठरवलं. त्यांतला एक जण २०२१मध्येच तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण १९ वर्षं गेली ती गेली. आणि ज्या १८९ घरांतली माणसं गेली, त्यांनाही खरा गुन्हेगार कोण ते अजून कळलेलं नाही. न्यायालय नसतं, तर हे १२ जण कधीच बाहेर आले नसते, हेही विसरून चालणार नाही. तीच आपली आणि १९३७च्या मॉस्कोची सीमारेषा.

म्हणून नव्या कायद्याबद्दल माझा आक्षेप साधा आहे. संघटना बेकायदा आहे हे आधी सरकार अधिसूचनेने ठरवणार. मग सल्लागार मंडळ बघणार. हिंसा करणाऱ्यासाठी यूएपीएसारखे कडक कायदे आधीच आहेत. मग ‘विचारसरणी’ हा शब्द कायद्यात कशाला हवा? विचारसरणी मोजायचं माप कुणाकडे आहे? आज त्या शब्दाच्या आधी ‘डावी’ लिहिलं आहे. उद्या तिथं दुसरा शब्द लिहायला एक दुरुस्ती पुरेल. रशियात ‘जनतेचा शत्रू’ या शब्दात आधी जमीनदार बसत होता, मग मुल्ला, मग तातार, मग शेतकरी, मग स्वतः लेनिनचे सोबती.

दार आणि भिंत

आपल्या दीनमध्ये याबद्दल स्पष्ट शिकवण आहे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत एकमेकांवर पाळत ठेवायला मनाई आहे. हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना आवाज आले. ते भिंतीवरून आत उतरले, तर तिथं दारू चालली होती. त्यांनी जाब विचारताच घरमालक म्हणाला, मी एक गुन्हा केला, आपण तीन केले. पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता घरात शिरलात. खलिफा गप्प झाले आणि परत फिरले. गुन्हा खरा होता, तरी.

ही रिवायत सांगून आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवतो, पण मुस्लिम देशांतल्या राज्यकर्त्यांनी काय केलं? सीरियात असद घराण्याच्या ‘मुखाबरात’ने अर्धं शतक तेच केलं. डिसेंबर २०२४मध्ये सैदनाया तुरुंगाची दारं उघडली, तेव्हा आया आपल्या मुलांची नावं कागदांच्या ढिगाऱ्यात शोधत होत्या. आणि चीनच्या शिनजियांगमध्ये आज कम्युनिस्ट राज्यच आहे. तिथल्या उइगूर मुसलमानांना दाढी, नमाज, परदेशी फोन अशा कारणांवरून संगणकाच्या यादीने छावण्यांत धाडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२मध्ये हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं म्हटलं, तेव्हा बहुतेक मुस्लिम देशांची सरकारं गप्प होती. आपल्याकडचे बहुतेक डावेही गप्प होते. व्यापार, दोस्ती, विचारसरणी, प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं.

मग करायचं काय? यावर पूर्व जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. तिथं श्टाझी नावाचं खातं होतं, १९५०मध्ये स्थापन झालेलं. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात त्याचे ९० हजारांहून अधिक पगारी नोकर होते आणि खबरे त्याहून कितीतरी जास्त. १५ जानेवारी १९९०ला बर्लिनमधले लोक त्याच्या मुख्यालयात शिरले, कारण आत कागद फाडले जात होते. त्यांनी कागद वाचवले. पुढे १९९१मध्ये कायदा झाला आणि प्रत्येकाला स्वतःची फाइल वाचायचा हक्क मिळाला. काहींना कळलं, की खबर देणारा आपलाच मित्र होता. एका बाईंना कळलं, की तो आपला नवराच होता. फार दुखलं. पण तिथं नाव बदलून तेच खातं पुन्हा उभं राहिलं नाही. रशियात काही वर्षं उघडलेली कपाटं पुन्हा बंद होत गेली आणि चेकाचा स्थापना दिन, २० डिसेंबर, आजही सुरक्षा सेवकांचा दिवस म्हणून साजरा होतो.

आपल्याकडे? इंटेलिजन्स ब्युरो शंभर वर्षांहून जुना आहे, पण त्याचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही नाही. २०११मध्ये मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. ब्रिटनने आपल्या एमआय-फाइव्हसाठी असा कायदा १९८९मध्येच केला. स्वातंत्र्यानंतर सुभाषबाबूंच्या कुटुंबावर वीस वर्षं पाळत ठेवली गेली, हे आपल्याला २०१५मध्ये कळलं. आणि १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात काय घडलं हे पाहायला आलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल, ज्यात आपल्या बीडचंही नाव आहे, कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. आमच्या आजी-आजोबांची पिढी तो न वाचताच गेली.

मागणी मोठी नाही. गुप्तवार्ता खात्यांना कायदा द्या. त्यांच्यावर विधिमंडळाची नजर ठेवा. अटकेनंतर न्यायालयाची वाट कुठंही बुजवू नका. आणि ठरावीक वर्षांनी जुन्या फायली उघडा. ही मागणी मुसलमानांची नाही, डाव्यांची नाही, हॉटेलात पेपर वाचणाऱ्या कुणाचीही असू शकते.

परवा काका पुन्हा भेटले. मी त्यांना चट्टोंबद्दल सांगितलं. सुहासिनी जांभेकरांचं नाव त्यांना माहीत होतं, भावाचं कसं झालं ते माहीत नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.” आमचा तरुण मित्रही शेजारीच होता. त्याने विचारलं, जनसुरक्षा कायद्यावर बीडला सभा आहे म्हणतात, कधी आहे? काकांनी तारीख सांगितली. आम्ही तिघंही जाणार आहोत. ‘गोपनीय’चा माणूस तिथंही असेल. त्याने विचारलं तर विषय सांगू.